पी. अँड ओ. : विलायती मेलबोटींची कंपनी

पेनिन्शुलर अँड ओरिएंटल स्टीम नॅव्हिगेशन कंपनी हे लांबलचक नाव क्वचितच कोणी पूर्ण उच्चारत असे. लंडनपासून मुंबई, सिंगापूर, सिडनीपर्यंत तिला पी. अँड ओ. एवढ्याच नावाने ओळखत. गव्हर्नर, व्हाइसरॉय, गोरे अधिकारी, बॅरिस्टर होऊ पाहणारी मुले, संस्थानिक आणि मिशनरी या सर्वांची ने-आण तिने शंभराहून अधिक वर्षे केली. तिच्या बोटींवरच्या भोजनगृहांची आणि दिवाणखान्यांची वर्णने आजही रसाने वाचली जातात. मात्र कंपनी जन्मली ती प्रवाशांसाठी नव्हे, टपालासाठी. तिचे मार्ग, वेग, वेळापत्रक, इतकेच काय तिचा थाटमाटही सरकारच्या टपाल-कराराच्या पैशावर उभा राहिला.

कंपनीच्या मुळाशी दोन माणसे होती. ब्रॉडी मॅक्घी विलकॉक्स हा लंडनमधला जहाजदलाल. आर्थर अँडरसन हा स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरून आलेला, नौदलात काही वर्षे काढलेला तरुण. १८१५ मध्ये तो विलकॉक्सच्या पेढीवर कारकून म्हणून लागला आणि १८२२ मध्ये भागीदार झाला. त्यांचा व्यापार स्पेन आणि पोर्तुगाल या आयबेरियन द्वीपकल्पातल्या देशांशी होता. नावातले ‘पेनिन्शुलर’ तिथून आले. १८३०च्या दशकात या दोन्ही देशांत गादीवरून यादवी माजली तेव्हा पेढीने पोर्तुगालची राणी मारिया आणि स्पेनची राणी इसाबेला यांच्या पक्षांना मदत केली. त्याची खूण म्हणून कंपनीच्या निशाणावर पोर्तुगालचे निळे-पांढरे आणि स्पेनचे तांबडे-पिवळे रंग आले.

डब्लिनचा कॅप्टन रिचर्ड बोर्न आपल्या आगबोटींसह त्यांना येऊन मिळाला आणि २२ ऑगस्ट १८३७ रोजी ब्रिटिश सरकारशी पहिला टपाल-करार झाला. इंग्लंडहून लिस्बन, कादिझ, जिब्राल्टर येथे ठरल्या दिवशी टपाल पोचवायचे आणि त्याबद्दल सरकारने वर्षाला ठरावीक रक्कम द्यायची, असा तो व्यवहार होता. या रकमेचे महत्त्व समजल्याशिवाय पी. अँड ओ.चा इतिहास समजत नाही. त्या काळची आगबोट कोळसा अतोनात खात असे. बॉयलर, इंजिने आणि कोळशाच्या कोठ्या यांनीच तिचे पोट भरून जाई. मालाला जागा उरे ती थोडीच. शिडाच्या जहाजाला वारा फुकट मिळे, आगबोटीला प्रत्येक मैलाचा दाम मोजावा लागे. केवळ भाड्याच्या उत्पन्नावर लांब पल्ल्याची आगबोट चालवणे आतबट्ट्याचे होते. पण वारा असो वा नसो, ती ठरल्या वेळी पोचत असे, आणि सरकारला नेमके तेच हवे होते.

१८४० मध्ये कंपनीला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियापर्यंतच्या टपालाचे काम मिळाले आणि त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी राजसनद मिळून नावात ‘ओरिएंटल’ची भर पडली. पूर्वेकडे सेवा वाढवण्याची अट सनदेतच होती. त्यानुसार ‘हिंदोस्तान’ ही आगबोट सप्टेंबर १८४२ मध्ये साउदॅम्प्टनहून निघाली आणि आफ्रिकेला वळसा घालून कलकत्त्याला आली. यापुढे ती कलकत्ता ते सुएझ अशा फेऱ्या करणार होती. पुढल्या दहा-बारा वर्षांत कंपनीच्या बोटी सिंगापूर, हाँगकाँग आणि ऑस्ट्रेलियापर्यंत पोचल्या.

सुएझचा कालवा अजून खोदला गेला नव्हता. इंग्लंडहून आलेला प्रवासी अलेक्झांड्रियाला उतरे, कालव्यातून होडीने नाईल नदीवर येई, तिथून छोट्या आगबोटीने कैरो गाठी आणि पुढे वाळवंटातला सव्वाशे-दीडशे किलोमीटरांचा पट्टा घोडागाडीत धक्के खात ओलांडून सुएझला दुसरी बोट पकडी. टपालाच्या पेट्या आणि सामान उंटांच्या तांड्यावर लादलेले असे. तांबड्या समुद्रातल्या बोटींसाठी लागणारा कोळसासुद्धा उंटांच्या पाठीवरून सुएझला जाई. वाटेत विश्रांतीची ठाणी, पाण्याचा साठा, घोडे बदलण्याची सोय, एडनला कोळशाच्या वखारी अशी सगळी यंत्रणा उभी राहिली. आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजाला चार-पाच महिने सहज लागत. या ‘खुष्कीच्या मार्गा’ने पत्र साधारण दीड महिन्यात पोचू लागले. कादंबरीकार थॅकरे याने १८४४ मध्ये कंपनीचा पाहुणा म्हणून इजिप्तपर्यंत प्रवास केला आणि त्यावर पुस्तक लिहिले. प्रवासवर्णनाच्या रूपाने जाहिरात करून घेण्याचा हा फार लवकरचा आणि चतुर प्रयोग म्हटला पाहिजे.

मुंबई मात्र सुरुवातीला पी. अँड ओ.च्या हाती नव्हती. मुंबई–सुएझ टपाल ईस्ट इंडिया कंपनी आपल्या आरमाराच्या बोटींनी नेत असे आणि तो मान सोडायला ती तयार नव्हती. १८५४ मध्ये ते काम पी. अँड ओ.कडे आले. त्याच सुमारास मुंबईहून आगगाडी निघाली होती. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता लोहमार्गाने जोडली गेली तेव्हा विलायतेचे टपाल मुंबईत उतरवून गाडीने देशभर पाठवणे सर्वांत जलद ठरले, आणि हिंदुस्थानचे दार कलकत्त्याहून मुंबईला आले. कंपनीने माझगावच्या जुन्या गोदीत बोटींच्या दुरुस्तीची व्यवस्था केली. या वैभवाला एक काळी बाजूही आहे आणि ती झाकून चालणार नाही. १८४०च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबई आणि कलकत्त्याहून चीनकडे जाणाऱ्या अफूची वाहतूक ही कंपनीच्या उत्पन्नाची मोठी बाब होती.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला. ज्या कंपनीला त्याचा सर्वाधिक लाभ व्हायचा, तीच त्यामुळे बुडायच्या बेताला आली. इजिप्तमध्ये गुंतवलेले भांडवल एका दिवसात निकामी झाले. कालव्यातून थेट ये-जा करणाऱ्या नव्या कंपन्यांनी कमी कोळशात चालणारी नवी इंजिने बसवून भाडी उतरवली. त्यात ब्रिटिश टपाल खाते आडून बसले. टपाल इजिप्तमधून रेल्वेनेच गेले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे बोट प्रवासी आणि माल घेऊन कालव्यातून जाई आणि टपालाच्या पेट्या मात्र एका टोकाला उतरवून, गाडीने नेऊन, दुसऱ्या टोकाला पुन्हा चढवल्या जात. हा खुळा प्रकार वर्षानुवर्षे चालला. कालव्यातून टपाल नेण्याची पूर्ण मोकळीक मिळेपर्यंत १८८८ साल उजाडले.

या संकटातून कंपनीला बाहेर काढणारा माणूस थॉमस सदरलँड. हा कंपनीचा हाँगकाँगमधला अधिकारी होता आणि तिथे असतानाच १८६५ मध्ये हाँगकाँग अँड शांघाय बँकेच्या स्थापनेत त्याने पुढाकार घेतला होता. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९१४ पर्यंत तो पी. अँड ओ.चा अध्यक्ष होता. त्याने जुन्या बोटी काढून नव्या बांधवल्या, खर्च आवळला आणि टपाल वाचवले. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये, ‘व्हिक्टोरिया’ आणि ‘ब्रिटानिया’ या बोटी समुद्रात उतरल्या; ‘ओशियाना’ आणि ‘आर्केडिया’ त्यांच्या मागोमाग आल्या. लंडनहून टपाल आणि घाईतले प्रवासी रेल्वेने युरोप ओलांडून इटलीतल्या ब्रिंडिसी बंदरात बोटीला गाठत. १८९८ मध्ये ब्रिंडिसी ते पोर्ट सैद या टप्प्यासाठी ‘आयसिस’ आणि ‘ओसायरिस’ या दोन छोट्या, अतिवेगवान बोटी ठेवण्यात आल्या. शतक संपता संपता लंडनचे पत्र मुंबईला सुमारे दोन आठवड्यांत मिळू लागले. आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी ‘विलायतेची मेल’ येणे हा मुंबईच्या व्यापाराचा, वर्तमानपत्रांचा आणि सरकारी कचेऱ्यांचा ताल झाला.

बोटीवरचे आयुष्य म्हणजे तरंगती वसाहत होती. सुरुवातीच्या काळात भाड्यातच दारूसुद्धा मिळे. शीतगृहे येण्यापूर्वी ताज्या दुधामांसासाठी गाय, मेंढ्या, कोंबड्या डेकवर बांधलेल्या असत. तांबड्या समुद्रातल्या उकाड्यात प्रवासी डेकवर अंथरुणे टाकून झोपत. रात्रीच्या भोजनाला रीतसर पोशाख लागे आणि कोणी कोणत्या टेबलावर बसायचे हे सरकारी हुद्द्यावरून ठरे. या चौकटीत हिंदी प्रवासी अवघडून जाई. मोहनदास गांधी ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून कंपनीच्या ‘क्लाइड’ बोटीने निघाले. इंग्रजी बोलायचा संकोच आणि शाकाहाराची अडचण यांमुळे ते बहुतेक वेळ आपल्या केबिनमध्ये घरून आणलेल्या फळांवर आणि मिठाईवर भागवत होते. समुद्र ओलांडणार म्हणून जातीने त्यांना बहिष्कृत केले होते ते वेगळेच. ४३ वर्षांनी, २९ ऑगस्ट १९३१ रोजी, दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी ते मुंबईहूनच पुन्हा पी. अँड ओ.च्या बोटीवर चढले, ती ‘राजपुताना’.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९११ पर्यंत कंपनीने ‘एम’ अक्षराने सुरू होणाऱ्या नावांच्या दहा मोठ्या बोटी बांधल्या. त्यांतल्या दोन मराठी वाचकाला जवळच्या आहेत. ‘मोरिया’वरून विनायक दामोदर सावरकरांना कैदी म्हणून हिंदुस्थानात आणले जात असताना, ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिस बंदरात त्यांनी बोटीच्या गवाक्षातून समुद्रात उडी घेतली. फ्रेंच भूमीवर पकडून त्यांना पुन्हा त्याच बोटीवर सोपवण्यात आले आणि हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला. एडनला त्यांना ‘साल्सेट’ या बोटीवर चढवले गेले. मुंबईच्या साष्टी बेटाचे नाव धारण करणारी ही देखणी, वेगवान बोट कंपनीने खास एडन–मुंबई टप्प्यासाठी बांधली होती. दुसरी बोट ‘मेदिना’. १९११ मध्ये दिल्ली दरबारासाठी पंचम जॉर्ज आणि राणी मेरी हिच्यावरून आले आणि २ डिसेंबरला अपोलो बंदरावर उतरले. गेट वे ऑफ इंडिया त्याच आगमनाचे स्मारक आहे.

या बोटी चालवत कोण होते? कप्तान, अधिकारी आणि इंजिनियर गोरे. बाकी बहुतेक सारी माणसे हिंदी होती. डेकवरचे खलाशी गुजरात, काठेवाड आणि कोकणच्या किनाऱ्यावरून येत. त्यांच्यावर सारंग, सारंगाच्या हाताखाली तांडेल, सुकाणूवर सुकाणी. बॉयलरच्या भट्टीसमोर कोळसा ओढणारे आगवाले मुख्यतः पंजाबी आणि पठाण मुसलमान. भोजनगृहातले वाढपी, आचारी आणि केबिनची निगा राखणारे गोव्याचे ख्रिस्ती. खलाशांची भरती सारंगाच्या ओळखीने होई. एकेका गावातले भाऊ, भाचे, शेजारी एकाच बोटीवर भरती होत आणि सारंगाच्या शब्दावर त्यांची नोकरी टिके वा जाई. या सर्वांना ‘लस्कर’ म्हणत आणि त्यांचा करार वेगळ्या कायद्याखाली होई. ब्रिटिश खलाशाच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाएवढा किंवा त्याहूनही कमी पगार त्यांना मिळे. झोपायच्या जागेबाबत ब्रिटिश कायदा माणशी ७२ घनफूट मागत असताना हिंदी कायद्याने ३६ घनफूट पुरेसे मानले होते. या फरकावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कंपनीवर इंग्लंडमध्ये बराच गदारोळ झाला. कंपनीचा नफा, तिची स्वच्छता आणि तिची नावाजलेली सेवा या स्वस्त आणि कसबी श्रमावर उभी होती. कंपनीच्या जुन्या जाहिरातींत पगडी बांधलेला लस्कर शोभेपुरता दिसतो. खरे तर बोटीचा निम्माअधिक प्राण तोच होता.

गोव्याच्या या दर्यावर्दींनी मुंबईत आपल्या ‘कूड’ उभ्या केल्या. धोबीतलाव, माझगाव, डोंगरी भागांत एकेका गावाची एकेक कूड असे. बोटीवरून उतरलेला किंवा नव्या नोकरीची वाट पाहणारा गावकरी थोडक्या पैशात तिथे राही. ट्रंक ठेवायला जागा, संध्याकाळच्या प्रार्थनेला वेदी आणि कोणत्या बोटीवर माणसे हवी आहेत याची खबर, एवढे तिथे मिळे. गोव्यातल्या साष्टी आणि बारदेशातली कितीतरी घरे या पगारावर उभी राहिली.

१९१४ मध्ये ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीशी विलीनीकरण होऊन पी. अँड ओ.ची सूत्रे लॉर्ड इंचकेप यांच्याकडे गेली. ‘बी.आय.’ हिंदी किनाऱ्यावर, पूर्व आफ्रिकेकडे आणि इराणी आखाताकडे वाहतूक करणारी कंपनी. इंचकेप यांनी एकामागून एक कंपन्या विकत घेतल्या आणि १९२०च्या दशकात हा समूह सुमारे ५०० जहाजांचा झाला. या मक्तेदारीशी मोठी टक्कर मुंबईत झाली. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी तिची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. इंचकेप यांच्या समूहाने भाडी पाडून नव्या कंपनीची कोंडी केली आणि तिला विकत घेण्याचाही प्रयत्न केला. सिंदिया विकली गेली नाही. पण १९२३च्या करारात तिला परदेशी मार्ग सोडून किनाऱ्यावरच्या मर्यादित वाहतुकीवर समाधान मानावे लागले. ५ एप्रिल हा दिवस भारतात आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

पहिल्या महायुद्धाने कंपनीच्या अनेक नामांकित बोटी गिळल्या. मुंबईकडे निघालेली ‘पर्शिया’ ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने बुडवली. ५१९ पैकी ३४३ माणसे गेली. ‘साल्सेट’ आणि ‘मेदिना’ १९१७ मध्ये गेल्या. १९२२ मध्ये शांततेच्या काळातही ‘इजिप्त’ ही मुंबईला निघालेली बोट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन बुडाली. तिच्यात दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने-चांदी होते. इटालियन गोताखोरांनी दहा वर्षांनी ते शोधून वर काढायला सुरुवात केली आणि खोल समुद्रातल्या अशा कामाचा तो जगभर गाजलेला नमुना ठरला.

दोन युद्धांमधला काळ हा ऐषारामाचा कळस. मुंबई मार्गासाठी १९२५ मध्ये ‘रांची’, ‘रावळपिंडी’, ‘राजपुताना’ आणि ‘रणपुरा’ या बोटी आल्या. बोट बॅलार्ड पिअरला लागली की धक्क्यालगतच्या स्थानकातून थेट दिल्ली-पेशावरकडे जाणारी गाडी पकडता येई. १९२९ची ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ ही कदाचित कंपनीची सर्वांत डौलदार बोट असावी. तिच्यात वाफेच्या टर्बाइनने वीज निर्माण करून विजेच्या मोटरींनी पंखे फिरवले जात, त्यामुळे कंप आणि आवाज फार कमी होई. पहिल्या वर्गाच्या प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्र केबिन होती आणि बोटीच्या पोटात पोहण्याचा तलाव होता. कंपनीच्या बोटींत असा तलाव प्रथमच आला. १९३१पासून ‘स्ट्राथनेव्हर’ आणि तिच्या भगिनी आल्या. तोवरच्या बहुतेक बोटी काळ्या रंगाच्या असत, या पांढऱ्याशुभ्र होत्या. पहिल्या दोघींना तीन धुराडी होती, पण त्यांतले मधलेच खरे. उरलेली दोन केवळ रुबाबासाठी.

दुसऱ्या महायुद्धात ‘रावळपिंडी’ला जुन्या तोफा बसवून गस्तीवर पाठवले होते. नोव्हेंबर १९३९ मध्ये दोन बलाढ्य जर्मन युद्धनौकांशी तिची गाठ पडली आणि ती लढता लढता बुडाली. ‘राजपुताना’ १९४१ मध्ये, ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ १९४२ मध्ये गेली. युद्धानंतर हिंदुस्थान स्वतंत्र झाला आणि सरकारी प्रवाशांचा ओघ आटला. काही वर्षे ऑस्ट्रेलियाला स्थलांतर करणाऱ्या ब्रिटिश कुटुंबांनी बोटी भरल्या. १९६१ मध्ये ४५,००० टनांची ‘कॅनबेरा’ ही त्याच मार्गासाठी उतरली, पण तोवर जेट विमाने उडू लागली होती. काही आठवड्यांचा प्रवास दीड-दोन दिवसांवर आला. टपालही विमानाने जाऊ लागले. ज्या करारावर कंपनी जन्मली तोच निरर्थक झाला. १९६७ मध्ये सुएझ कालवा बंद पडल्यावर मुंबईमार्गे जाण्याचे कारणही उरले नाही.

कंपनीने बोटी सहलींकडे वळवल्या. कुठे पोचायचे यापेक्षा बोटीवर राहणे हाच प्रवासाचा हेतू झाला. ‘कॅनबेरा’ने १९८२च्या फॉकलंड युद्धात सैन्य वाहून नेले आणि १९९७ पर्यंत सहली केल्या. २००० मध्ये सहलींचा व्यवसाय मूळ कंपनीपासून वेगळा झाला आणि २००३ मध्ये अमेरिकेतल्या कार्निव्हल कंपनीत गेला. साउदॅम्प्टनहून निघणाऱ्या ‘पी. अँड ओ. क्रूझेस’च्या बोटी आज त्याच समूहाच्या आहेत. मूळ कंपनी बंदरे आणि फेरीबोटी चालवत राहिली. भारतातले पहिले खासगी कंटेनर टर्मिनल न्हावा-शेवा येथे १९९९ मध्ये सुरू झाले ते तिच्याच बंदर-विभागाच्या पुढाकाराने. २००६ मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्डने ही कंपनी सुमारे ३.९ अब्ज पौंडांना विकत घेतली. मार्च २०२२ मध्ये पी. अँड ओ. फेरीजने ब्रिटनमधले ७८६ दर्यावर्दी एका दिवसात कामावरून कमी केले आणि त्यांच्या जागी एजन्सीमार्फत स्वस्त परदेशी माणसे घेतली. त्यांत भारतीयही होते. त्यांना सरासरी तासाला साडेपाच पौंड मिळतील, असे कंपनीच्या प्रमुखांनी ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे सांगितले, आणि लस्करांच्या पगाराचा जुना प्रश्न शंभर वर्षांनी पुन्हा वर आला.

कंपनीची कागदपत्रे आज लंडनमधल्या ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात जतन केलेली आहेत. अँडरसनचे शेटलंडमधले जन्मघर संग्रहालय झाले आहे. मुंबईत तिच्या दलालांची, मॅकिनन मॅकेंझी यांची, इमारत बॅलार्ड इस्टेटमध्ये उभी आहे. पी. अँड ओ. आणि बी.आय. यांच्या मालकीची राहिलेली माझगाव गोदी १९६० मध्ये भारत सरकारने ताब्यात घेतली आणि १९७२ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘निलगिरी’ ही युद्धनौका तिथेच बांधली गेली. कूडही अजून काही शिल्लक आहेत. तिथे राहणाऱ्यांची संख्या घटली असली, तरी जहाजावर नोकरी धरण्याची गोव्याची रीत सहलीच्या बोटींवर चालू आहे.